कर्नल साइक्स व दख्खनच्या माळावरील पाखरे

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात खडकीच्या मैदानावर पेशव्यांचे सैन्य व इंग्रजांचे सैन्य यांची गाठ पडली, आणि पुढल्याच वर्षी पेशवाई संपुष्टात आली, हे आमच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्या लढाईतील सेनापतींची नावे इतिहासाच्या पुस्तकांतून पाठ करावी लागतात. परंतु त्याच लढाईत कंपनी सरकारच्या देशी शिपायांच्या तुकडीवर सत्तावीस वर्षे वयाचा एक अंमलदार होता, व त्याने पुढे ह्या देशाची निराळ्याच प्रकारे ओळख करून घेतली, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. दख्खनच्या पशुपक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी ह्याच गृहस्थाने तयार केली. ज्या माळरानांवरून आमची गुरे नित्य चरत जात, त्या माळरानांवर कोण कोण राहते हे जगास त्याने सांगितले. अशा पुरुषाचे चरित्र आमच्या वाचकांच्या कानी घालावे, आणि त्या निमित्ताने त्याने पाहिलेल्या पाखरांपैकी काहींची आज काय अवस्था आहे तेही सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात ब्रॅडफर्ड गावाजवळ झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. १८०३ त, त्याचे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाले. आज ज्या वयात आमची मुले इंग्रजी शाळेच्या मधल्या इयत्तांत असतात, त्या वयात ह्या मुलाचे भवितव्य सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाच्या पलीकडल्या देशाशी बांधले गेले. त्याची नेमणूक मुंबईच्या फौजेत झाली. इ. स. १८०५ साली लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्यास वेढा घातला, त्या मोहिमेत तो होता. तो किल्ला इंग्रजांस त्या वेळी घेता आला नाही. म्हणजे ह्या तरुणाच्या शिपाईगिरीचा आरंभच अपयशाच्या दर्शनाने झाला.

लष्करी कामात फावल्या वेळी त्याने देशी भाषांचा अभ्यास केला. इ. स. १८१० पर्यंत हिंदुस्थानी व मराठी ह्या दोन्ही भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतकी योग्यता त्याने संपादन केली होती. ही गोष्ट लहान दिसते. पण पुढील सर्व कार्याचा पाया हाच होय. ज्यास शेतकऱ्याशी, मेंढपाळाशी, कोळ्याशी त्याच्या भाषेत बोलता येते, त्यालाच त्या देशाचे अंतरंग कळते. दुभाषा ठेवून पाटलाकडून महसुलाचा आकडा मिळविता येईल. पण कोणत्या ओढ्याच्या काठी कोणते पाखरू अंडी घालते हे सांगणारा गुराखी दुभाष्यासमोर तोंड उघडीत नसतो.

इ. स. १८१७ पासून १८२० पर्यंत साइक्स दख्खनमध्ये लढायांत व किल्ले घेण्याच्या कामात गुंतला होता. त्यानंतर तो रजा घेऊन युरोपात गेला व चार वर्षे निरनिराळ्या देशांत फिरला. इ. स. १८२४ च्या ऑक्टोबरात तो मुंबईस परत आला, तेव्हा तेथील गव्हर्नरच्या जागी माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेब होते. नवीन मिळालेल्या मुलखाची जमीन किती, वस्ती किती, पिके कोणती, चालीरीती कोणत्या, हवापाणी कसे, ह्याची बिनचूक माहिती मिळविल्यावाचून राज्यकारभार नीट चालणार नाही, हे एल्फिन्स्टन जाणून होते. त्यांनी ह्या कामावर साइक्सची नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. नाशिकचा वेगळा जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता, तो इ. स. १८६९ साली झाला. तेव्हा नाशिक व त्याच्या आसपासची आमच्या अंबडसारखी गावे नगर जिल्ह्यात मोडत होती, आणि म्हणून साइक्सच्या कामाच्या कक्षेत आमचा मुलूखही येत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढील सहा वर्षे तो तंबू, घोडा, हवेचा दाब मोजण्याचे यंत्र आणि टिपणवह्या बरोबर घेऊन गावोगाव हिंडला. त्याने माणसांची गणती केली, जमीनधाऱ्याच्या पद्धती लिहून काढल्या, धान्यांचे व फळांचे प्रकार नोंदले. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा कसा वर्षाव होतो व तेथून थोड्याच कोसांवर पूर्वेस तो कसा आटतो, ह्याचीही त्याने मापे घेतली. आमच्या वाचकांस हा चमत्कार घरबसल्या पाहता येतो. इगतपुरी व त्र्यंबक येथे धो धो पाऊस पडत असता सिन्नर व येवले ह्या तालुक्यांतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. हवेच्या दाबास समुद्राच्या भरतीओहोटीप्रमाणे दिवसातून दोनदा चढउतार असतो, सकाळी नऊदहाच्या सुमारास तो चढतो व तिसऱ्या प्रहरानंतर उतरतो, हे त्याने दख्खनमधील आपल्या निरीक्षणांवरून दाखविले. तो निबंध इ. स. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

ह्या सरकारी कामाबरोबरच त्याने दुसरे एक काम चालविले होते, व ते त्यास कोणी सांगितलेले नव्हते. वाटेत जो पशू, जो पक्षी, जो मासा दृष्टीस पडे, त्याचे तो बारकाईने वर्णन लिहून ठेवी. दुर्बिणी व छायाचित्रे यांची साधने नसल्यामुळे त्या काळी पक्षी मारूनच त्याचा अभ्यास करावा लागे. परंतु मारलेल्या पक्ष्याची कातडी भरून ठेवण्यावरच तो संतुष्ट होत नसे. डोळ्याच्या बुबुळाचा रंग कोणता, नर की मादी, पोटात काय अन्न सापडले, ह्याचीही तो नोंद घेई. पोटात टोळ निघाले तर ते पाखरू शेतकऱ्याचे मित्र ठरते आणि ज्वारीचे दाणे निघाले तर प्रश्न निराळा होतो, हे ओळखण्याचा मार्ग हाच. अशा रीतीने माणसांची शिरगणती व पाखरांची शिरगणती एकाच तंबूत, एकाच दिव्याच्या उजेडात चालली होती.

इ. स. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने काटकसरीसाठी ही जागाच बंद करून टाकली. दुसरा कोणी असता तर वह्या कचेरीत देऊन आपल्या पलटणीत परत गेला असता. पाच वर्षांची मेहनत अर्धवट राहिली तरी त्यास कोणी दोष दिला नसता. साइक्सने लष्करी कामातून सवलत मागून घेतली व आपला वृत्तान्त पुरा करण्यास बसला. इ. स. १८३१ च्या जानेवारीत तो वृत्तान्त संपवून त्याने सरकारला सादर केला, आणि मगच तो स्वदेशी जाण्यास निघाला. हाती घेतलेले काम मोबदला बंद झाल्यावरही तडीस नेणे, हा गुण त्याच्या चरित्रात सर्वांत अधिक अनुकरणीय आहे असे आम्हांस वाटते.

इंग्लंडात पोचल्यावर इ. स. १८३२ साली त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळीपुढे दख्खनमधील पक्ष्यांची यादी मांडली. तीत ५६ जाती अशा होत्या की, ज्यांचे शास्त्रीय वर्णन तोपर्यंत झालेले नव्हते असे त्याने प्रतिपादिले. पुढील शोधांनी त्यांपैकी काही पूर्वीच माहीत असलेल्या ठरल्या, तरी पुष्कळ आजही त्याच्याच नावावर उभ्या आहेत. तळ्याच्या काठी ध्यानस्थ बसणारी ढोकरी, कड्यांवर व लेण्यांच्या छताखाली मातीचे घरटे बांधणारी करड्या रंगाची पाकोळी, माळावर गाणारा एक शेंडीचा चंडोल, रात्री जमिनीवर बसून राहणारा एक फिकट रातवा, ह्या सर्वांचे शास्त्रीय नामकरण त्याने केले. त्याने निवडलेली नावे पाहिली म्हणजे मौज वाटते. त्या चंडोलास त्याने देव हे नाव दिले, हिवाळ्यात येणाऱ्या एका चिमुकल्या वटवट्यास राम, गावावर घिरट्या घालणाऱ्या घारीस गोविंद, आणि त्या रातव्यास महाराष्ट्राचे नाव. ग्रीक व लॅटिन शब्दांच्या गर्दीत ही आपल्या घरची नावे आज जगातील सर्व पक्षिग्रंथांतून छापली जातात. माशांच्या बाबतीतही तसेच. भीमेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करिताना त्याने खुद्री, शिंगटी अशी कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रात घेतली. दख्खनच्या रानकुत्र्याचे, म्हणजे ज्यास आपण कोळसुंदा म्हणतो त्याचे, वर्णनही त्याने इ. स. १८३१ साली प्रसिद्ध केले.

भुईवर राहणाऱ्या लहान पाखरांकडे त्याचे विशेष लक्ष होते. लावे व त्यांच्यासारखी दिसणारी तीन बोटांची पाखरे ह्यांवर त्याने वेगळा निबंध लिहिला. खडकाळ माळावरील लाव्याचे शास्त्रीय नाव त्यानेच दिलेले आहे. हा लावा मुठीत मावेल एवढा असतो. पाचदहांचा, कधी वीसांचा थवा करून तो काटेरी झुडपांच्या आश्रयाने फिरतो. रात्री सर्वजण शेपट्या आत व डोकी बाहेर अशा वर्तुळात बसतात, म्हणजे कोणत्याही दिशेने शत्रू आला तरी एकाचे तरी डोळे तिकडे असतात. पाय त्यांवर पडेपर्यंत ते हालत नाहीत, आणि मग एकदम फर्रकन चारी दिशांना उडून जातात. तीन बोटांच्या पाखरांची रीत तर त्याहून चमत्कारिक आहे. त्यांच्यात मादी आकाराने मोठी व रंगाने ठळक असते, आणि अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नराकडे असते.

आता प्रश्न असा की, झाडे असता ही पाखरे उघड्या जमिनीवर का राहतात? ह्याचे उत्तर दख्खनच्या भूमीतच आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस थोडा, माती पातळ व खाली काळा दगड, त्यामुळे दाट अरण्य वाढत नाही. गवत, बोरी, बाभळी व निवडुंग एवढेच तेथे तग धरतात. अशा ठिकाणी जो प्राणी गवताच्या रंगाचा झाला, ज्याने झाडावर बसण्याची गरज सोडली, तोच टिकला. त्याच माळावर पखुर्डी नावाचे पाखरू आहे. मातीच्या रंगाची ही पाखरे रोज सकाळी थव्याने पाणवठ्यावर जातात, आणि नर आपल्या पोटावरील पिसे पाण्यात भिजवून ते पाणी दूर माळावर पिलांसाठी घेऊन येतो. पिले त्या ओल्या पिसांतून चोखून तहान भागवितात. बिनपाण्याच्या जागी संसार मांडण्याची ही युक्ती पाहून कोणाही विचारी मनुष्याची मान आदराने लवेल.

परंतु दख्खनच्या माळाचा खरा राजा म्हणजे माळढोक. साइक्सच्या यादीत तो आहेच. कोठे कोठे त्याच्या घुमण्यावरून त्यास हूम असेही म्हणत. हा पक्षी उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच भरतो. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात थोडेच आहेत. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरी मान, पाठ तपकिरी. पायास मागचे बोट नसल्यामुळे त्यास फांदी धरता येत नाही. त्याचा सारा जन्म जमिनीवर जातो. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, भुईमूग, जे ऋतूत मिळेल ते तो खातो. विणीच्या दिवसांत नर उंचवट्यावर उभा राहून मानेखालची पिशवी हवेने फुगवितो, ती पार गुडघ्यांपर्यंत लोंबते, आणि त्याचा गंभीर घुमार अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते व सुमारे सत्तावीस दिवस एकटीच उबविते. वर्षास एक अंडे, आणि मादी वयात येण्यास तीनचार वर्षे. एवढ्या हिशेबावरूनच दिसेल की, ह्या पक्ष्याची झालेली हानी लवकर भरून येत नाही.

त्याचा लहान भाऊबंद म्हणजे तणमोर. तो कोंबडीएवढा असतो. पावसाळ्यात नर काळापांढरा वेष धारण करितो, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसे येतात, आणि गवतातून माणसाच्या उंचीइतका उसळून पुन्हा खाली येतो. अशा उड्या तो दिवसातून शेकडो वेळा मारतो. गवत वाढलेले असल्यामुळे मादीस आपण दिसावे, म्हणून हा खटाटोप. नाशिक, नगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांत तणमोर पूर्वी वीण करीत असे.

ह्या पक्ष्यांचे पुढे काय झाले ते सांगणे दुःखाचे असले तरी अवश्य आहे. साइक्स ज्या वर्षांत नगर जिल्ह्यात पाखरांच्या नोंदी करीत होता, त्याच सुमारास, इ. स. १८०९ पासून १८२९ पर्यंतच्या वीस वर्षांत, तेथे एकाच इंग्रज शिकाऱ्याने नऊशेंहून अधिक माळढोक मारल्याची नोंद आहे. एका मनुष्याच्या बंदुकीस एका जिल्ह्यात इतके पक्षी मिळावेत, ह्यावरून त्या काळची त्यांची विपुलता ध्यानात येईल. आज साऱ्या भारतात रानात राहिलेले माळढोक दीडशेच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक राजस्थानच्या वाळवंटी भागात आहेत. महाराष्ट्रात एखाददुसरा पक्षी दिसला तरी त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते.

बंदूक हे ह्या नाशाचे पहिले कारण खरे. परंतु ते एकच नव्हे. वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा इ. स. १९७२ साली झाला, व माळढोकाची शिकार सर्वथा बंद झाली. इ. स. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. नान्नज हे त्यातील प्रसिद्ध ठिकाण. त्याचे क्षेत्र प्रथम ८,४९६ चौरस किलोमीटर धरले होते. त्यात कित्येक गावे, शेते व रस्ते येत असल्यामुळे पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. शिकार थांबली, तरी पक्षी कमीच होत गेले. कालव्याचे पाणी आले, माळ नांगराखाली गेले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. उरलेल्या माळावर झाडे लावण्यात आली, आणि ज्यास दूरवर मोकळे दिसावे लागते तो पक्षी त्या झाडीत राहीना. भटकी कुत्री अंडी व पिले खाऊ लागली. शेवटी विजेच्या उंच तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास समोरचे कमी दिसते. शिवाय जड देहामुळे ऐन वेळी त्यास वळता येत नाही. तारेवर आदळून मरणे हे त्याच्या मृत्यूचे आजचे मोठे कारण झाले आहे. इ. स. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकाची अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालले आहे. पिले वाढविता येतील. परंतु त्यांस सोडावयाचे कोठे, हा प्रश्न माळ राखल्यावाचून सुटणारा नाही.

येथे साइक्सच्या चरित्रातील एक मर्म आमच्या लक्षात येते. सरकारी दप्तरात जमिनीचे जे भाग पाडले जातात, त्यांत पिकाची जमीन व पडीक जमीन असा भेद असतो. माळरानास दप्तरात पडीक म्हणतात, कारण ते सारा देत नाही. साइक्स हा त्याच दप्तराचा मनुष्य होता. सरकारचे उत्पन्न किती हे पाहण्यासाठीच त्याची नेमणूक झाली होती. पण ज्या जमिनीच्या रकान्यात त्याचे वरिष्ठ शून्य मांडीत, त्या जमिनीवर त्याने लावे, चंडोल, पखुर्ड्या व माळढोक मोजले. पडीक म्हटलेली भूमी रिकामी नाही, हे त्याच्या यादीने सिद्ध केले आहे, मग तसे सिद्ध करण्याचा त्याचा हेतू असो वा नसो. ही यादी नसती तर आपण काय गमावले आहे हे आज आपल्यास नीट कळलेही नसते.

साइक्सच्या पुढील आयुष्याची हकीकत थोडक्यात देतो. इ. स. १८३३ साली तो कर्नलच्या हुद्यावरून निवृत्त झाला. इ. स. १८३४ साली रॉयल सोसायटीने त्यास आपला सभासद करून घेतले. लंडनची संख्याशास्त्रीय मंडळी स्थापन करणाऱ्यांत तो होता, व इ. स. १८६३ साली तिचा अध्यक्ष झाला. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्याने इ. स. १८५८ साली भूषविले. ज्या कंपनीत तो तेराव्या वर्षी उमेदवार म्हणून शिरला, तिच्या संचालक मंडळात इ. स. १८४० साली त्याची निवड झाली, आणि इ. स. १८५६ साली तो त्या मंडळाचा मुख्य झाला. पुढल्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात बंड झाले, आणि कंपनीचे राज्य गेले. इ. स. १८५७ पासून मरेपर्यंत तो स्कॉटलंडातील ॲबर्डीन शहराचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसत होता. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याने देह ठेविला. योगायोग असा की, हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारा टॉमस जर्डन हाही त्याच आठवड्यात, चारच दिवस आधी, इंग्लंडातच मरण पावला होता.

साइक्स हा परकी राज्यसत्तेचा सेवक होता, हे विसरून त्याची स्तुती करणे योग्य होणार नाही. त्याने गोळा केलेल्या माहितीचा पहिला उपयोग कंपनीच्या कारभारास झाला. त्याने ज्या गुराख्यांना, कोळ्यांना व पारध्यांना विचारून आपले ज्ञान वाढविले असेल, त्यांची नावे त्याच्या यादीबरोबर जगापुढे आली नाहीत. तथापि ज्ञान एकदा प्रकट झाले म्हणजे ते मिळविणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही. मुंबईचे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी तेच काम विसाव्या शतकात ह्या देशाचा पुत्र म्हणून पुढे नेले. माळढोकास राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा असे त्यांचे मत होते. तो मान इ. स. १९६३ साली मोरास मिळाला. तो मोरास शोभतोही. परंतु माळढोकास मिळाला असता तर कदाचित माळाकडेही लोकांचे लक्ष गेले असते.

विद्यार्थ्यांनो, आमच्या अंबड गावाच्या शिवारात आज कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील तीतच काम करून तुमच्या शिक्षणाचा खर्च चालवितात. तेव्हा कारखाने नसते तर बरे झाले असते असे म्हणण्यात अर्थ नाही. पण वसाहतीच्या पलीकडे, पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा सिन्नरच्या वाटेवर, गवताचा एखादा तुकडा अजून राहिला आहे. सुटीच्या दिवशी सकाळी तेथे वही व पेन्सिल घेऊन जावे. बंदुकीचे कारण नाही. कोणते पाखरू दिसले, ते जमिनीवर होते की झुडपावर, एकटे होते की थव्याने, काय टिपीत होते, एवढे लिहून तारीख घालावी. गवतात एखादे घरटे आढळले तर हात न लावता मागे फिरावे. जमिनीवरची अंडी माणसाच्या पावलाने फुटतात, व माणसाच्या वासाच्या मागोमाग कुत्रे येते.

आणि पालकवर्गास आमची एक विनंती आहे. आपल्या गावचे गायरान किंवा माळ कोणी पडीक म्हणून दाखविला, तर त्यावर काय बांधावे किंवा काय लावावे हे ठरविण्यापूर्वी तेथे कोण राहते एवढे तरी पाहून घ्यावे. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या शिपायास तेवढी सवड झाली होती. ज्यांची ती भूमी आहे, त्यांस ती होऊ नये असे नाही.